खळ्यातल्या दुर्बिणीतून जुळा लघुग्रह कसा पकडायचा

आमचं खळं देवगड तालुक्यात, समुद्रापासून तीनेक किलोमीटर आत. उत्तरेला माड, पूर्वेला कलमांची बाग, पश्चिमेला सड्याची कड आणि तिच्यापलीकडे पाणी. हिवाळ्यात या खळ्यात आठ इंची दुर्बीण उभी राहते आणि रात्रभर आकाशातल्या एकाच ठिपक्याचे फोटो काढत बसते. शेजारच्या काकी एकदा पहाटे उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झिला, रातभर त्या एकाच ठिपक्यात काय बघतंस?" खरं सांगायचं तर मी बघतच नव्हतो, पडवीत पांघरूण घेऊन पेंगत होतो. बघायचं काम कॅमेऱ्याचं. त्या ठिपक्यात दोन दगड आहेत आणि छोटा दगड मोठ्याच्या आड गेला की ठिपका थोडा मंदावतो, ते मंदावणं आम्ही मोजत होतो.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातल्या दहा किलोमीटरपेक्षा लहान लघुग्रहांपैकी साधारण सातातला एक जुळा असावा, असा अंदाज आहे. १ नोव्हेंबर २०२३ ला नासाचं ल्यूसी यान डिंकिनेश नावाच्या पाऊण किलोमीटरच्या लघुग्रहाजवळून गेलं. एक दगड दिसेल अशी अपेक्षा होती, निघाले दोन. आणि तो चंद्रही एकसंध नव्हता, एकमेकांना चिकटलेले दोन गोळे होते. त्याला नंतर सेलाम नाव दिलं. गंमत अशी की यान पोचण्याआधी पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी डिंकिनेशच्या उजेडात सुमारे ५२.७ तासांचा फेरा मोजला होता आणि तो त्याच्या स्वतःभोवती फिरण्याचा असावा असं धरलं होतं. प्रत्यक्षात तो चंद्राच्या प्रदक्षिणेचा फेरा निघाला. म्हणजे चंद्र आकडेवारीत आधीच बसला होता, कुणी त्याला ओळखलं नव्हतं एवढंच.

डिंकिनेश आपल्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरचा, फार अंधूक. पण आवाक्यातले जुळे बरेच आहेत. मी इथे त्यातला एकच धरून चालतो: १८३० पॉगसन.

पॉगसनच का

१८३० पॉगसन हा पट्ट्याच्या आतल्या भागातला, फ्लोरा कुटुंबातला, साधारण ८ किलोमीटरचा खडकाळ लघुग्रह. स्वित्झर्लंडच्या पॉल विल्ड यांनी तो १९६८ मध्ये शोधला. २००७ मध्ये त्याचा चंद्र सापडला, सुमारे अडीच किलोमीटरचा. मोठा दगड २.५७ तासांत स्वतःभोवती फिरतो, चंद्र २४ तास १५ मिनिटांत त्याच्याभोवती. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला छळणार आहे.

नाव आहे नॉर्मन पॉगसन यांचं. हे मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख होते. १८६१ मध्ये तिथूनच त्यांनी ६७ एशिया हा लघुग्रह शोधला. आज आपण ताऱ्यांच्या तेजाला ज्या 'प्रती' लावतो, त्यांचं गणितही त्यांचंच, १८५६ सालचं: पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर १०० पट उजेड, म्हणून एक प्रत म्हणजे २.५१२ पट. पॉगसनचा उजेड पॉगसनच्याच पट्टीने मोजायचा, यात मला उगाचच मजा वाटते.

आता थोडं विषयांतर, पण देवगडकराला ते टाळता येत नाही. विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे' आणि १८६८ च्या ग्रहणात तिथेच हेलियम सापडल्याची गोष्ट आपल्याकडे सर्रास सांगितली जाते. त्या वर्षी हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा तिथूनच पाहिली. ते विजयदुर्गाला आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, मदतीला मेल्पोमिनी या युद्धनौकेवरचे खलाशी घेऊन. १८६८ च्या ग्रहणाला पॉगसन मात्र हिंदुस्थानातच होते, पलीकडच्या किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणमला. ओटे खोटे नाहीत, तारीख घसरली आहे.

आपल्याला नेमकं काय दिसणार

प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे सूर्य एका बाजूला आणि लघुग्रह बरोबर विरुद्ध बाजूला असताना, पॉगसन आपल्यापासून साधारण १.२ खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या १.२ पट, दूर असतो. दोन्ही दगडांमधलं अंतर वीसेक किलोमीटर धरा. एवढ्या लांबून हे अंतर एका विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) पन्नासाव्या भागाएवढं भरतं. किनाऱ्यावरची हवा ताऱ्याला दोन-तीन विकलांचा फुगवटा देते. तेव्हा दोन ठिपके वेगळे दिसतील ही आशा आत्ताच सोडा. कितीही मोठी दुर्बीण खळ्यात आणलीत तरी दिसणार नाहीत.

दिसतं ते उजेडातलं उणं. चंद्राचा व्यास मोठ्या दगडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी, म्हणजे क्षेत्रफळ दहावा हिस्सा. चंद्र पूर्ण आड गेला किंवा त्याने मोठ्याला तेवढं झाकलं, तर एकूण उजेडात नऊ-दहा टक्क्यांची घट, म्हणजे ०.१ प्रत. बरेचदा ग्रहण अर्धवटच लागतं आणि घट ०.०५ वर थांबते. चंद्राचा वेग ताशी पाचेक किलोमीटर, माणसाच्या चालण्याएवढा. त्यामुळे एक ग्रहण जास्तीत जास्त दोन तास चालतं.

म्हणजे काम असं: ०.०१ ते ०.०२ प्रतीपर्यंत अचूक मोजता आलं पाहिजे, रात्रभर, न थांबता. बाकी सगळं याच एका गरजेतून निघतं.

पायरी पहिली: हंगाम आणि तारखा

जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरात ढग पांगतात, पण हवेत इतका दमटपणा असतो की तारे दुधात बुडल्यासारखे दिसतात. खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. मार्चपासून भाजावळीचा धूर सुरू होतो आणि संध्याकाळचं आकाश तांबूस-करडं होतं.

पॉगसन सूर्याभोवती सव्वातीन वर्षांत फिरतो, त्यामुळे त्याची प्रतियुती दर सतरा-साडेसतरा महिन्यांनी येते. यातली एखादी भर पावसात पडते. ती गेली. त्या वर्षी दुसरा जुळा निवडायचा. प्रतियुती कधी आहे ते मायनर प्लॅनेट सेंटरच्या किंवा नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या सेवेवर स्वतःच काढा. नाव, आपले अक्षांश-रेखांश आणि तारखा भरल्या की तासातासाचं स्थान आणि अपेक्षित प्रत मिळते. प्रत १४.५ च्या आसपास असेल तेव्हाचे चार-पाच आठवडे आपले.

डिसेंबर-जानेवारीत प्रतियुती आली तर आपण भाग्यवान. तेव्हा लघुग्रह वृषभ-मिथुनच्या भागात असतो आणि आपल्या १६-१७ अंशांच्या अक्षांशावरून जवळजवळ डोक्यावरून जातो. क्षितिजापासून ३५ अंशांच्या वर तो पावणेआठ तास राहतो. तेवढ्या वेळात मोठा दगड स्वतःभोवती तीन वेळा फिरून घेतो. यापेक्षा जास्त मागू नये.

तारखा ठरवताना तीन गोष्टी दिनदर्शिकेत आधी लिहून ठेवा. पहिली पौर्णिमा. प्रतियुतीतला लघुग्रह सूर्याच्या विरुद्ध असतो आणि पौर्णिमेचा चंद्रही, म्हणजे दोघे एकाच गल्लीत येतात. पौर्णिमेच्या आधीचे आणि नंतरचे तीन-चार दिवस सोडून द्या. दुसरी गावची जत्रा. दशावतार रंगला की पहाटेपर्यंत हॅलोजन आणि जनरेटर चालतो. मग आपणही जत्रेला जावं, खाजं खावं. तिसरी गोष्ट म्हणजे रात्रीचे क्रिकेटचे सामने, त्यांचे फ्लडलाइट जत्रेपेक्षा वाईट. अमावास्येच्या सुमारास समुद्रात दिवे लावलेल्या होड्या पश्चिमेचं क्षितिज उजळवतात, पण आपण वर बघत असल्याने त्याचा फारसा त्रास नाही.

पायरी दुसरी: जागा

सगळे सांगतात सड्यावर जा. अंधार तिथेच आहे हे खरं, पण कातळ दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत ती धग वर सोडत राहतो. तोवर तारे उकळत असतात. शिवाय कातळात फुरसं असतं. लाल बॅटरीच्या उजेडात ते दगडासारखंच दिसतं, म्हणून चालताना पांढरी बॅटरी आणि पायात बूट. वेध घेताना लाल. यात हयगय नको.

मला सारवलेलं खळं जास्त आवडतं. जमीन लवकर निवते आणि पावलांचा हादरा कातळाएवढा पोचत नाही. मात्र ट्रायपॉडचे पाय रात्रभरात मातीत रुततात. त्यावर उपाय म्हणजे जांभ्याचे तीन चिरे, अर्धे जमिनीत पुरून. माझे चिरे तिथेच कायमचे आहेत आणि वर पायांच्या जागा तेलाच्या रंगाने खुणावलेल्या आहेत, त्यामुळे दुसऱ्या रात्री मांडणीचा अर्धा तास वाचतो.

ध्रुवताऱ्याची अडचण इथे खास कोकणी आहे. तो क्षितिजापासून फक्त १६-१७ अंशांवर असतो आणि उत्तरेला हमखास माड. मी पहिल्या वर्षी एका माडाच्या झावळ्या उतरवून घेतल्या, तरी खालचं धुरकट आकाश राहिलंच. शेवटी ध्रुवतारा न बघता जुळवणी करायला शिकलो. दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या माउंटच्या सॉफ्टवेअरमध्ये आकाशाच्या तीन ठिकाणचे फोटो घेऊन अक्ष जुळवायची सोय असते, ती वापरा.

वाऱ्याचंही बघून घ्या. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे उपयोगी पडतात. संध्याकाळी समुद्राकडून खारा वारा येतो तेव्हा आरसा उघडा ठेवू नका. रात्र चढली की मतलई जमिनीकडून वाहू लागते, हवा हलती राहते आणि दंव कमी धरतं. मधल्या पडलेल्या वाऱ्याच्या तासात सगळ्यात जास्त दंव पडतं. त्या वेळेला जागं राहायचं.

पायरी तिसरी: सामान

- दुर्बीण: २०० मिमी व्यास पुरतो. २५० असेल तर रात्री शांत झोप लागते.
- माउंट: विषुववृत्तीय (आकाशाच्या फिरण्याबरोबर फिरणारा), गायडिंगसह, म्हणजे एका ताऱ्यावर नेम धरून चाल सुधारत राहण्याची सोय. दुर्बिणीपेक्षा माउंटवर पैसे घालवा, हे मी दुर्बिणीवर घालवून झाल्यावर सांगतोय.
- कॅमेरा: थंड करता येणारा, कृष्णधवल. सेन्सर शून्याखाली ५ अंशांवर स्थिर ठेवा. त्याहून खाली नेलात तर आपल्या दमटपणात काचेवर बर्फाची नक्षी उमटते.
- दंव थांबवण्यासाठी हीटरचा पट्टा आणि नळीपुढे फोमच्या चटईची गुंडाळी.
- बॅटरी. वीज जाणारच. लॅपटॉप, माउंट आणि कॅमेरा हे तिन्ही इन्व्हर्टरवरून पहाटेपर्यंत चालतात का, ते एकदा दुपारी करून बघा.

फिल्टर न लावता काम करता येतं आणि उजेडही भरपूर मिळतो. त्या बदल्यात तुलनेचे तारे जपून निवडावे लागतात, ते पुढे.

पायरी चौथी: संध्याकाळची तयारी

संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवा. फोटोंची वेळ जागतिक वेळेत नोंदवा, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. खगोलशास्त्रात दिवस मोजायची ज्युलियन पद्धत आहे, तिचा दिवस जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच ज्युलियन दिवसात बसते. जपानातल्या लोकांना हे सुख नाही.

मग फ्लॅट. नळीच्या तोंडावर दोन घड्यांचा स्वच्छ धुतलेला पंचा ताणून बांधा, दुर्बीण मावळतीच्या विरुद्ध बाजूला वळवा आणि एकसारख्या उजेडाचे पंचवीस-तीस फोटो घ्या. कॅमेऱ्यावर, काचेवर, आरशावर जी काही धूळ आहे तिचा नकाशा या फोटोंत मिळतो. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि मी ती एकदा टाळली होती.

त्याची गोष्ट अशी. दुपारी कॅमेऱ्याच्या आतली सिलिका जेल बदलली होती. संध्याकाळी वारा सुटला म्हणून फ्लॅट घेतले नाहीत, आदल्या रात्रीचेच वापरू म्हटलं. रात्री एकच्या सुमाराला उजेडाची रेघ खाली वळायला लागली. ०.०५ प्रत खाली गेली, पावणेदोन तासांनी परत वर आली. तळ सपाट, दोन्ही उतार सुबक. पुस्तकातलं ग्रहण. मी पहाटे चहा केला आणि काकींना उठवून सांगितलं.

दुसऱ्या संध्याकाळी नवे फ्लॅट घेतले तर चित्रात मधोमध एक गोल डाग, शंभरेक पिक्सेल व्यासाचा. सेन्सरच्या काचेवर एक कण बसला होता, बहुधा मिठाचा. लघुग्रह ताऱ्यांमधून मिनिटाला ०.६७ विकला सरकतो आणि माझ्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ०.८ विकलांचा. शंभर पिक्सेल ओलांडायला दोन तास लागतात. ग्रहणाला लागतात तेवढेच. लघुग्रह त्या कणाच्या सावलीतून चालत गेला होता. काकी अजून विचारतात, "आज गिराण हा काय रे?"

पायरी पाचवी: रात्र

लक्ष्य शोधायला अंधूक ताऱ्यांचा नकाशा घेऊन बसू नका. अपेक्षित स्थानावर दुर्बीण वळवा, एक फोटो घ्या आणि एएसटॅपसारख्या मोफत सॉफ्टवेअरला ताऱ्यांवरून चौकट ओळखू द्या. वीस मिनिटांनी दुसरा फोटो. दोन्ही आलटून पालटून दाखवले की एक ठिपका उडी मारतो. तोच.

उघडीप, म्हणजे एका फोटोसाठी उजेड गोळा करण्याचा वेळ, १२० सेकंदांची ठेवा. तेवढ्यात लघुग्रह दीडएक विकला सरकतो, ताऱ्याच्या फुगवट्यापेक्षा कमी, म्हणून तो लांबट होत नाही. गायडिंग ताऱ्यांवरच ठेवा, लघुग्रहावर नको. चौकटीतला एकही कामाचा तारा कॅमेऱ्याच्या कमाल क्षमतेच्या साठ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. तासाला तीसच्या आतबाहेर फोटो मिळतात, रात्रीचे दोनशेच्या वर.

लघुग्रह डोक्यावरून पलीकडे उतरताना माउंटला उलटी बाजू घ्यावी लागते आणि चित्र १८० अंश फिरतं. तेव्हा प्रत्येक तारा सेन्सरच्या वेगळ्या भागावर जातो. फ्लॅटमध्ये काही कमी असेल तर इथे रेघेत पायरी पडते. अशी पायरी नेमकी उलटण्याच्या मिनिटाला दिसली तर ती लघुग्रहाची नव्हे.

दर तासाला एकदा आरशावर आणि पुढच्या काचेवर बॅटरी मारून दंव बघा. दंव धरलं तर पुसायचं नाही. गरम हवा लांबून. मीठ असलेला ओलावा पुसलात तर तो पॉलिश पेपरासारखा काम करतो.

पायरी सहावी: मोजणी

डार्क (झाकण लावून घेतलेले काळे फोटो) आणि फ्लॅटची दुरुस्ती आधी, मोजणी नंतर. टायको ट्रॅकर आणि एमपीओ कॅनोपस ही या कामाची नेहमीची सॉफ्टवेअर, मोफत हवं असेल तर अॅस्ट्रोइमेजजे. तत्त्व सगळ्यांचं एकच: लघुग्रहाभोवती एक वर्तुळ, त्याच्या आतला उजेड मोजायचा, भोवतालच्या आकाशाचा वजा करायचा आणि त्याच चौकटीतल्या पाच ताऱ्यांशी तुलना करायची. पातळ ढग आला तर सगळेच मंदावतात आणि फरक तसाच राहतो.

तुलनेचे तारे सूर्याच्या रंगाचे निवडा. लघुग्रहाचा उजेड म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच. निळा किंवा लाल तारा घेतलात तर तो क्षितिजाकडे उतरताना वेगळ्या गतीने मंदावतो, आणि आपल्या दमट हवेत हा फरक जास्त जाणवतो. पाचातला एखादा तारा स्वतःच कमीजास्त होणारा निघतो, म्हणून प्रत्येकाला उरलेल्या चौघांशी ताडून बघा.

वेळ नोंदवताना उघडीपीचा मध्य घ्या. आणि उजेडाला आपल्यापर्यंत यायला दहाएक मिनिटं लागतात, तेवढी वजा करा. रात्रीगणिक अंतर बदलतं, म्हणून ही वजाबाकीही बदलते.

वाटेत एखादा अंधूक तारा लघुग्रहाच्या वर्तुळात आला तर रेघ वर उचलली जाते. ते फोटो सरळ काढून टाका. त्यांचा मोह नको.

पायरी सातवी: दोन रेघा वेगळ्या करणं

आता हातात एक हिंदकळणारी रेघ आहे. तिच्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत: मोठ्या दगडाचं स्वतःभोवती फिरणं आणि अधूनमधून लागणारं ग्रहण. चार-पाच रात्रींचे आकडे २.५७ तासांच्या घडीवर एकावर एक रचा. बहुतेक ठिपके एका लाटेवर बसतील. ही लाट मोठ्या दगडाची. तिचं गणिती रूप काढून मूळ आकड्यांतून वजा केलं की उरायला हवी सपाट रेघ, आणि तिच्यात कुठेतरी खड्डा.

२.५७ हा आकडा काही उगाच आलेला नाही. सैल दगडगोट्यांचा ढीग साधारण २.२ तासांपेक्षा जलद फिरू लागला की विषुववृत्तावरचे दगड धरून ठेवायला त्याचं गुरुत्व पुरत नाही. सूर्यप्रकाश शोषून उष्णता परत सोडताना वेड्यावाकड्या लघुग्रहाला अतिसूक्ष्म पीळ बसतो आणि लाखो वर्षांत तो जलद होत जातो. त्यातून निसटलेल्या मालातून चंद्र जमतो, असं आजचं सर्वमान्य चित्र आहे. म्हणून जुळ्यांमधला मोठा भाऊ बहुतेक वेळा या मर्यादेच्या उंबरठ्यावर फिरताना सापडतो.

खड्डा सापडला की लगेच उड्या मारू नका. एकच खड्डा म्हणजे काही नाही, मिठाच्या कणाची गोष्ट वर सांगितलीच. तोच खड्डा २४ तास १५ मिनिटांनी परत यायला हवा, सेन्सरच्या वेगळ्या जागेवर. आणि त्याच्या बरोबर मध्यावर दुसरा खड्डा हवा: एकदा चंद्र मोठ्याच्या पुढे, एकदा मागे. खोली थोडी वेगळी असते.

प्रत्येक प्रतियुतीला ग्रहणं दिसतातच असंही नाही. चंद्राच्या कक्षेची पातळी आपल्या किंवा सूर्याच्या दिशेशी जवळजवळ एका रेषेत आली तरच. नसेल तर हातात फक्त लाट येते, तीही नोंदवण्याजोगी असते.

पायरी आठवी: सव्वाचोवीस तासांचा त्रास

चंद्राची प्रदक्षिणा २४ तास १५ मिनिटांची, आपला दिवस २४ तासांचा. म्हणजे आज ग्रहण रात्री दहाला लागलं तर उद्या सव्वादहाला, परवा साडेदहाला. महिनाभर तेच ग्रहण, रोज पंधरा मिनिटं उशिरा, आणि दुसरं ग्रहण त्यानंतर बारा तासांनी, म्हणजे आपल्याकडे भर दिवसा. पावणेआठ तासांच्या खिडकीतून पहिलं ग्रहण बाहेर पडलं की पुढचे अडीच आठवडे काहीच नाही, आणि मग दुसरं खिडकीत शिरतं. तोवर लघुग्रह दूर जाऊन अंधूक झालेला असतो, किंवा भाजावळ सुरू झालेली असते.

एका खळ्यातून या जोडीची अर्धीच बाजू दिसते. कितीही जागा, कितीही मोठा आरसा आणा.

त्यावर एकच उपाय आहे: दुसऱ्या रेखांशावरचा माणूस. आपण पूर्व रेखांश ७३ वर. बारा तासांचा फरक हवा तर पश्चिम रेखांश १०७ च्या आसपास, म्हणजे अमेरिकेतलं न्यू मेक्सिको किंवा कोलोरॅडो. आपल्याकडे चंद्र मोठ्याच्या पुढून जातो त्याच दिवशी त्यांच्या रात्री तो मागे जातो. युरोपातला कुणी मधला तुकडा देतो. अमेरिकेच्या त्या भागात वाळवंटी, कोरडं आकाश, आणि हौशी निरीक्षकांची कमी नाही. झेक प्रजासत्ताकातल्या ओंद्रेयोव्ह वेधशाळेचे पेत्र प्रावेत्स यांनी अशाच विखुरलेल्या छोट्या दुर्बिणींना एकत्र आणून कितीतरी जुळे लघुग्रह शोधले आहेत. भारताच्या रेखांशावरून आकडे पाठवणारे लोक कमी, म्हणून आपल्या फोटोंना तिथे किंमत आहे, आठ इंची असले तरी.

पाठवताना कच्चे आकडे पाठवा: वेळ, प्रत, त्रुटी, तुलनेचे तारे. एएलसीडीईएफ नावाच्या खुल्या संग्रहात याच नमुन्यात आकडे ठेवता येतात. आपल्याला नकोशी वाटलेली रात्रही ठेवा. ग्रहण न दिसलेल्या रात्रीवरूनच कळतं की चंद्र तेव्हा कुठे नव्हता.

सुरुवात थेट पॉगसनपासून करू नका. आधी २१६ क्लिओपात्रा घ्या. हाडाच्या आकाराचा, पॉगसनपेक्षा बराच तेजस्वी लघुग्रह आहे, ५.४ तासांत फिरतो आणि आडवा दिसत असेल तेव्हा एकाच रात्रीत त्याचा उजेड एका प्रतीपर्यंत खालीवर होतो. त्याला दोन चंद्रही आहेत, ते मात्र आपल्याला मोजता येणार नाहीत. क्लिओपात्राची लाट नीट आली की समजा मांडणी बरोबर आहे.

पावसाळ्यापूर्वी

मे महिन्यात काजवे चमकू लागले की दुर्बीण आत घ्या. आंब्याची फवारणी चालू असते तेव्हा तर खळ्यात झाकूनही ठेवू नका, ते औषध आरशावर बसलं की निघत नाही. आरशावरचं मीठ घालवायला शुद्ध केलेल्या पाण्याचा भरपूर ओघ सोडा, हात न लावता, आणि उभा करून वाळू द्या. स्क्रूंना ग्रीसचा हलका हात. कॅमेरा, आयपीस आणि फिल्टर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, बरोबर सिलिका जेलच्या पुरचुंड्या. निळी जेल गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळी करायची. आमच्याकडे या कामाचा तवा वेगळा आहे, त्यावर भाकरी टाकायची नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

स्पंजच्या मऊ पेटीत काही ठेवू नका. एका जूनमध्ये मी तसं ठेवलं, गणपतीत उघडलं तर आयपीसच्या काचेवर बुरशीची जाळी, कोळ्याच्या घरासारखी, मधोमध.